ताडोबा : वाघिणीनं झाकून ठेवलेलं सांबर

शनिवार : मोहर्ली

मे महिन्यात ताडोबा म्हटल्यावर घरातल्यांनी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. चंद्रपूरच्या उन्हाबद्दल कुणाला समजावून सांगायची गरज नाही, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी तिथं बातमी होत नाही. तरी आम्ही मेच धरला. छोटे पाणवठे आटलेले असतात, सागाची पानं गळलेली असतात, त्यामुळे जनावर पाण्याला येतं आणि आलं की दिसतं. बरोबर वहिनी आणि बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला भाचा, ओंकार. भावाला सुट्टी मिळाली नाही की त्यानं मागितलीच नाही, यावर वहिनीचं मत ठाम आहे.

ओंकारचा हट्ट एकच होता. वाघ दिसो न दिसो, बिबट्यानं झाडावर चढवलेली शिकार बघायची. आफ्रिकेतले व्हिडिओ बघून बघून त्याच्या डोक्यात ते चित्र पक्कं बसलं होतं : आडवी फांदी, तिच्यावर लोंबकळणारं हरीण आणि खाली हताश बसलेले तरस.

चंद्रपूर ते मोहर्ली तीसेक किलोमीटर. इरई धरणाच्या पाण्याच्या कडेनं रस्ता जातो आणि त्या उन्हातही तो टापू डोळ्यांना बरा वाटतो. आम्ही गावातच एका घरी उतरलो होतो. काकूंनी आल्या आल्या कैरीचं पन्हं दिलं आणि रात्री ज्वारीची भाकर, वांग्याची रस्सा भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. वहिनीनं वड्यांची कृती विचारून घेतली. काकूंचा मुलगा जिप्सी चालवतो. अंगणात खाटा टाकल्यावर ओंकारनं त्याला लगेच गाठलं.

"दादा, इथला बिबट्या शिकार झाडावर नेतो का?"

"नेते न कधी कधी. पन रोज रोज नाही. वाघ तं नेतच नाही. त्याले काय गरज? तो झुडपात नेते, वरून पाला टाकते, अन् बाजूले झोपून राहते."

माझा अख्खा प्रवास या शेवटच्या वाक्याभोवती फिरणार आहे, याचा तेव्हा पत्ता नव्हता. मी डासांच्या मलमाचा डबा शोधत होते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बुकिंग अधिकृत संकेतस्थळावरच करा आणि नोंदवताना दिलेलं ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा, गेटवर तेच बघतात. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोटो हवे असतील तर कॅमेरा लागतो. नसेल तर दुर्बीण तरी घ्या. आम्हाला दुर्बिणीचा उपयोग कॅमेऱ्यापेक्षा जास्त झाला.

रविवार सकाळ : तलाव

पहाटे अंधारात गेटवर रांग. गाईड आणि गाडी क्रमानं मिळतात, आपल्याला निवड नसते. आमच्या वाट्याला एक तरुण, मितभाषी गाईड आले.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून आज जो व्याघ्र प्रकल्प आहे त्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. रस्त्याकडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब उभे दिसतात. पुढे तलाव, आणि काठावर तारूचं ठाणं. तारू हा इथला आदिवासींचा देव. वाघाशी झुंजताना तो गेला अशी कथा आहे आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलं, असं सांगतात. पौषात इथं आदिवासी भाविक दर्शनाला येतात.

तलावात मगरी आहेत. एक काठावर जबडा उघडून पडली होती. गाईड म्हणाले, वाघ शिकार पाण्याजवळ ठेवतो खरा, पण या तलावाच्या काठावर ठेवणं त्याला परवडत नाही. मगर रात्रीतून ओढून नेते. पाण्याजवळ राहावं तर मगर, दूर जावं तर उन्हात मांस दोन दिवसांत जातं. आपण वाघाला जंगलाचा राजा म्हणून मोकळे होतो, पण त्या राजाला रोज हा हिशेब मांडावा लागतो.

सकाळभर गवे, चितळं, एक अस्वल लांबून आणि एका पाणवठ्याभोवती वाट बघणाऱ्या जिप्सींचा ताफा. वाघ नाही. पुढच्या गाडीतल्या एका गृहस्थांनी "पैसे फुकट" असं तीनदा म्हटलं. अस्वल बघून असं म्हणता येतं याचं मला नवल वाटलं.

रविवार दुपार : आगरझरी

दुपारी बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, आगरझरीच्या बाजूला गेलो. बफर म्हणजे दुय्यम, असा समज असेल तर सोडून द्या. तिकीट तुलनेनं सहज मिळतं, गाड्या कमी असतात आणि जंगल तेच असतं.

एका कोरड्या नाल्याशी गाडी वळताना ड्रायव्हरनं वर बोट केलं. अर्जुनाचं जुनं झाड, पांढुरक्या गुळगुळीत सालीचं. दोन फांद्या जिथं फुटतात त्या बेचक्यात काहीतरी लोंबत होतं. दुर्बीण लावली. चितळाचा वाळलेला मागचा पाय, खूर खाली, वर आक्रसलेल्या कातड्याचा तुकडा. खोडावर नखांचे लांब ओरखडे होते, काही जुने, काळपट पडलेले, काही ताजे, आतला तांबूस रंग दाखवणारे.

ओंकारचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बिबट्या नव्हता, शिकारही जवळजवळ संपलेली, पण तो गाडीत उभा राहून ओरखडे मोजत होता आणि गाईड त्याला खाली बसवत होते.

आता विषय निघालाच, तर त्यानंच मला दिलेली माहिती. दक्षिण आफ्रिकेत साबी सँड नावाचं राखीव जंगल आहे. तिथल्या बिबट्यांच्या दोन हजारांहून जास्त शिकारींच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथं बिबटे निम्म्याच्या आसपास शिकारी झाडावर चढवतात आणि तरीही पाचातली एक शिकार दुसरं कुणीतरी हिसकावून नेतं. तरस हा मुख्य लुटारू. फार लहान शिकार झाडावर नेण्याआधीच खाऊन संपते, फार मोठी उचलत नाही. मधल्या वजनाची, म्हणजे साधारण बिबट्याच्या स्वतःच्या वजनाच्या आसपासची, तीच जास्त करून वर जाते.

आपल्याकडचं तरस पट्टेवालं आणि बहुतेक वेळा एकटंदुकटं असतं. आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसांची टोळी इथं नाही. इथं बिबट्याला धास्ती वाघाची आणि रानकुत्र्यांची. म्हणून तो कधी झाडावर नेतो, कधी खडकाच्या कपारीत, कधी नुसताच दाट करवंदीत. गाईडना विचारलं तर ते म्हणाले, "जिथं वाघ जास्त, तिथं बिबट वर. एवढंच गनित आहे."

परतताना खडकाळ उतारावर रानकुत्र्यांची टोळी दिसली. चितळाचं पिल्लू मारलेलं होतं आणि सगळे एकदम तुटून पडले होते. आम्ही पोचलो तेव्हा अर्धं उरलं होतं, गाडी बंद करून नीट बसेपर्यंत डोकं आणि पायच राहिले. यांना लपवायची गरजच पडत नाही. खाणारी तोंडं इतकी असली की लुटायला येणाऱ्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. लपवण्याची विद्या ही एकट्यानं शिकार करणाऱ्यांची : वाघ, बिबट्या, अमेरिकेतला प्यूमा. प्यूमा तर माती, काटक्या, थंडीत बर्फसुद्धा ओढून शिकारीवर ढीग करतो. सिंह कळपात राहतो, त्याला या भानगडीत फारसं पडावं लागत नाही.

सोमवार सकाळ : ढिगारा

जागा मुद्दाम लिहीत नाही. मोहर्ली गेटनं आत, बांबूचं बन आणि त्यातून जाणारा एक नाला, एवढं पुरे.

आज गाईड म्हणून एक ताई होत्या. मोहर्लीत बऱ्याच बाया हे काम करतात आणि उत्तम करतात. गेटमधून आत शिरल्यावर त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग एकदम हात वर करून गाडी थांबवली.

"ते पाहा न जी, ऐनावर. कावळे कसे खाली पाहून राहिले."

ऐनाच्या झाडावर कावळे होते, दोन टकाचोरही, म्हणजे कावळ्याच्याच कुळातले लांब शेपटीचे पक्षी. ओरडत नव्हते. सगळ्यांच्या चोची एकाच दिशेला, बांबूत. ताईंनी मग रस्त्याकडे बोट दाखवलं. धुळीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रुंद, गुळगुळीत पट्टा उमटला होता, जणू तिथली धूळ कुणी झाडून काढली होती. पट्ट्याच्या बाजूनं वाघाचे ठसे. मधे राखाडी-तपकिरी राठ केसांचा झुबका आणि काळं पडलेलं रक्त, त्यावर माश्या.

"सांबर आहे. मादी असन. रात्री इकडून धरलं, अन् तिकडे ओढत नेलं."

सांबराची मादीसुद्धा दीडशे किलोच्या घरात जाते. ती मानेला धरून, स्वतःच्या पुढच्या पायांच्या बाजूनं फरफटत, एका वाघिणीनं रस्ता ओलांडून नेली होती. पट्टा जिथं बांबूत शिरत होता तिथं मला पाचोळ्याशिवाय काहीच दिसेना. "पाचोळाच पाहा," ताई म्हणाल्या. "तो ढीग तिथं कसा आला?"

मग दिसलं. सागाची मोठी वाळकी पानं आणि बांबूचा पाला यांचा लांबट ढीग, कंबरेच्या खालपर्यंत उंच. आजूबाजूची जमीन मात्र खरवडून स्वच्छ झालेली. वाघीण पंजांनी पाला ओढून ओढून वर टाकते, म्हणून भोवताली रिंगण उघडं पडतं. ढिगाच्या एका टोकाला एक खूर बाहेर राहिला होता. सांबर एवढंच दिसत होतं.

वाघीण कुठंच नव्हती. आम्ही थांबलो. आणखी एक गाडी आली, "काय आहे?" विचारलं, "पाचोळा" असं उत्तर ऐकून निघून गेली. उन्हं तापायला लागली. वहिनीनं ओला रुमाल डोक्यावर घेतला. हवा बांबूतून आमच्याकडे वळली की एक गोडसर, जड वास यायचा आणि पुन्हा जायचा.

नाल्याच्या बाजूनं रानडुक्कर आलं. मोठा नर, एकटा. थांबायचा, नाक वर करायचा, चार पावलं पुढे, पुन्हा नाक. पाला टाकून वास लपत नाही, हे त्यानं आमच्या डोळ्यांदेखत सिद्ध केलं. तो थेट ढिगाच्या रोखानं चालला होता. दहा-बारा पावलांवर आला असेल, आणि बांबूतून एक गुरगुर आली.

आवाज मोठा नव्हता, पण गाडीचा पत्रा थरथरल्याचं मला हाताला जाणवलं. डुक्कर जागच्या जागी वळलं आणि शेपटी उभी करून नाल्यात उतरलं. ढिगाच्या मागे, फार तर पंधरा फुटांवर, वाघीण उठून बसली. ती इतका वेळ तिथंच आडवी होती. आमच्यापैकी कुणालाही ती दिसली नव्हती, ताईंनाही नाही, आणि ते त्यांनी हसून मान्य केलं.

ती ढिगापाशी आली. हुंगलं. मग उघड्या खुराजवळ उभी राहून पुढच्या पंजानं पाला ओढला, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. खूर झाकला गेला. घाई नव्हती, रागही नव्हता. अंगण झाडावं इतक्या सवयीनं ती ते करत होती. मग पुन्हा मागे जाऊन आडवी झाली आणि दिसेनाशी झाली.

निघताना थोडं पुढे रस्त्याच्या अंगाला हिरवट काळ्या चोथ्याचा गोळा पडला होता, त्यावर माश्यांचं मोहोळ. सांबराचं पोट. वाघ मागच्या अंगानं, पुठ्ठ्यापासून खायला सुरुवात करतो, पण त्याआधी किंवा मधेच पोटाची पिशवी बाहेर काढून बाजूला टाकतो. आतला अर्धवट पचलेला चारा तसाच राहिला तर मांस लवकर नासतं. ताईंच्या मते त्याचा आणखी एक फायदा होतो : "डुकराले ते भेटते. तो तिथंच गुंतून राहते." वाघीण हे ठरवून करते असं त्या म्हणत नव्हत्या, मीही म्हणत नाही. होतं मात्र तसं.

सोमवार दुपार : वादळ

दुपारची फेरी घ्यावी का, यावर घरात मतदान झालं. वहिनी विरोधात होती. मे महिन्यात दुपारी तीनला उघड्या जिप्सीत बसणं म्हणजे काय ते सांगते : लोखंडाच्या दांडीला हात लावता येत नाही, वारा तोंडावर येतो तो गरम येतो आणि पाण्याची बाटली तासाभरात चहाला चालेल इतकी तापते. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, नाक-तोंड झाकेल असा पंचा, ओआरएसची पाकिटं आणि कांदा-ताक-भाताचं जेवण, यावर आम्ही निभावलं. बाटलीला ओलं फडकं गुंडाळायची युक्ती काकूंची.

पाचच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं झालं. आधी वारा आला. सागाची सगळी गळलेली पानं एकदम उठली आणि रस्ता दिसेनासा झाला. नंतर पाऊस, त्यात बोराएवढ्या गारा. आम्ही ताडपत्रीखाली एकमेकांना चिकटून बसलो. वहिनी हसायला लागली आणि थांबेचना.

पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत. मातीचा वास सुटलेला. आम्ही सकाळच्या जागी पोचलो तर ढीग नव्हता. वाऱ्यानं पाला उडवून लावला होता आणि सांबर उघडं पडलं होतं : मागचा भाग खाल्लेला, बरगड्यांची पांढरी टोकं दिसणारी, मान अजून अखंड. कावळे खाली उतरले होते. एक टकाचोर थेट बरगडीवर बसून ओढाताण करत होता.

वाघीण भिजलेली आली. कावळे उडाले, जवळच्या फांदीवर बसले. ती पाला ओढायला लागली, पण ओला पाला पंजाला चिकटत होता. दोन-चार प्रयत्नांनंतर तिनं ते सोडलं. मानेला धरलं, मागचे पाय रोवले आणि ते अर्धं सांबर मागे मागे ओढत बांबूच्या दाट गठ्ठ्यात नेलं. मधे ते एका बुंध्यात अडकलं. ती थांबली, पकड बदलली, बाजूनं वळवलं आणि काढलं. वरून बांबूची कमान इतकी दाट होती की कावळ्यांना आता फक्त हिरवं दिसत असणार.

त्यानंतर ती तिथं बसली नाही. नाल्यात उतरली, पाणी प्यायली आणि सरळ चालत निघून गेली. शिकार टाकून. सकाळभर राखण करणारी वाघीण अशी कशी गेली, असं ओंकारनं विचारलं. सकाळच्याच ताई नव्हत्या, दुपारचे गाईड म्हणाले, "काम असन काही तिले." आम्हाला ते टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं.

मंगळवार : जंगल बंद

मंगळवारी ताडोबा बंद असतं. आखणी करताना हे लक्षात ठेवा. चंद्रपूरचा किल्ल्याचा परकोट आणि महाकालीचं मंदिर बघता येतं, वरोऱ्याला आनंदवनात जाता येतं. आम्ही गावातच राहिलो, आणि मला तो दिवस सफारीइतकाच लक्षात राहिला.

सकाळी बायका तेंदूपत्ता घेऊन परतत होत्या. अंगणात बसून सगळं घर पानांची पुडकी बांधत होतं. हंगाम थोड्या दिवसांचा आणि हातात रोख पैसा देणारा, म्हणून वाघाच्या जंगलात पहाटे जावंच लागतं. एकटं कुणी जात नाही, बोलत, आवाज करत जातात. आम्ही त्याच जंगलात तिकीट काढून शांत बसतो.

काकूंचे सासरे गुरं राखायचे. ऐंशीच्या पुढचे असतील. खाटेवर बसून सुपारी कातरत त्यांनी मला विचारलं, "काय दिसलं?" मी ढिगाऱ्याचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले :

"पहिले असं शोधा लागत नव्हतं. वाघानं ढोर मारलं का आभाळात गिधाडं फिरायची. कुठं मारलं, कोनाचं मारलं, आमाले पत्ता तेच सांगत. वाघ बांबूत घालून ठेवे तं गिधाडं झाडावर बसून राहत, वाघ उठाची वाट पाहत. जरासं उघडं भेटलं का शंभर उतरत. अर्ध्या घंट्यात हाडं."

आपल्याकडची गिधाडं वासानं नाही, नजरेनं शिकार शोधतात. उंचावर एकेकटी फिरतात, एक खाली झेपावलं की ते बघून दुसरं येतं, त्याला बघून तिसरं. त्यांच्यापासून लपायचं तर वरून दिसणार नाही एवढंच करावं लागतं. डुक्कर, कोल्हा, अस्वल, तरस हे नाकानं येतात, त्यांना पाला अडवत नाही, त्यांच्यासाठी गुरगुरणारी मालकीण लागते. म्हणजे पाचोळा हा मुख्यतः आभाळासाठी. शिवाय सावलीत, पाल्याखाली मांस उन्हानं तितकं सुकत-नासत नाही, हा फायदा वेगळा.

आणि आभाळ तर रिकामं आहे. नव्वदच्या दशकापासून गिधाडं मरत गेली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंड निकामी करतं, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ साली भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली हजारातली एकदोनच उरली होती. मोहर्लीतल्या आजच्या शाळकरी पोरांना आजोबांचं ते भरलेलं आभाळ सांगूनही खरं वाटत नाही. वाघीण मात्र पाला टाकतेच आहे. चोर गाव सोडून गेले तरी घराला कुलूप लावायची सवय सुटत नाही, तसं. कावळे आणि टकाचोर आहेतच म्हणा, पण ते भुरटे. सांबर संपवायची ताकद गिधाडांच्या थव्यातच होती.

२०२४ साली हरयाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं ताडोब्यात, कोळसा वनपरिक्षेत्रातल्या बोटेझरीला, आणली गेली. आजोबांना ही गोष्ट माहीत होती. "दहानं काय होते?" म्हणाले. मग स्वतःच, "पन सुरुवात तं दहानंच होते."

मागे एका पावसाळ्यात त्यांची गाय वाघानं मारली होती. नाल्याकाठी पळसाच्या पानांखाली होती. कावळ्यांवरून सापडली. वनखात्याचे लोक आले, पंचनामा झाला. गाय उचलायची नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. उचलली तर वाघ उपाशी राहतो आणि दुसरी मारतो. रागाच्या भरात त्यावर विष टाकणारे कुठंकुठं निघतात, आणि झाकून ठेवलेल्या शिकारीवर वाघ दुसऱ्या रात्री परत येणार हे त्यांना पक्कं माहीत असतं. लपवण्याची विद्या माणसापुढे अशी उलटते. आजोबांनी मात्र नुकसानभरपाई मिळेपर्यंत वनखात्याला आणि वाघाला आलटून पालटून शिव्या दिल्या, त्यातल्या काही आम्हाला ऐकवल्यासुद्धा.

बुधवार सकाळ : काम

शेवटची फेरी. नशिबानं त्याच गाईडताई आल्या, आणि आम्ही कुठं जायचं हे कुणी बोलायचीही गरज पडली नाही.

बांबूत काही नव्हतं. दबलेलं गवत आणि पुन्हा एक ओढल्याचा पट्टा, नाल्याकडे उतरणारा. गाडी वळसा घालून पलीकडे गेली. नाल्याच्या वळणावर जांभळीखाली एक छोटा डोह उरला होता, परवाच्या पावसानं जरा भरलेला. वाघीण त्यात कंबरेपर्यंत बसली होती. तिच्यासमोर, अर्धं पाण्यात, सांबराचं जे काही राहिलं होतं ते.

त्यावर दोन पिल्लं होती. पिल्लं म्हणायची एवढंच, वर्षाच्या आतबाहेरची, उंचीनं आईच्या पाठीला लागलेली. एक बरगडी चावत होतं, दुसरं पायाचं हाड घेऊन पळायचं आणि पहिलं मागे लागलं की परत आणून टाकायचं.

"पाहा," ताई ओंकारला म्हणाल्या, "परवा कुठं गेली होती ते."

शिकार मारून वाघीण पिल्लांना आणायला जाते. पिल्लं मैल-दोन मैलांवर ठेवलेली असू शकतात. तेवढा वेळ शिकारीजवळ कुणी नसतं. ती जवळ असताना डुकराला एक गुरगुर पुरते. पाला, बांबूची कमान, दाट जागा, हे सगळं ती नसतानाचं आहे. सोमवारी दिवसभर तिनं फार खाल्लंही नव्हतं. एका बैठकीत वाघ वीस-पंचवीस किलो मांस खाऊ शकतो, पण सांबराची मान आणि खांदे तिनं शाबूत ठेवले होते. एकटी असती तर चार-पाच दिवस पुरवलं असतं. तिघांनी मिळून सांबर दोन रात्रींत उरकलं.

वहिनीनं दुर्बीण माझ्याकडे दिली. तिला पिल्लांपेक्षा आईच बघायची होती म्हणाली, पण डोळे पुसत होती, त्यामुळे दुर्बीण तिच्या काही कामाची नव्हती.

पलीकडच्या काठावर, झुडपाच्या सावलीत, तेच रानडुक्कर उभं होतं. तेच कशावरून, असं वहिनीनं विचारलं, तर ओंकारनं त्याच्या फाटक्या कानाचा पुरावा दिला. ते नाक वर करून उभं होतं, पुढे येत नव्हतं, जातही नव्हतं. वाघिणीनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पाण्यात हनुवटी टेकवली.

"आज रात्री हे उठतीन," ड्रायव्हरभाऊ गाडी सुरू करत म्हणाले, "उद्या डुकरायचा नंबर."

परतायची वेळ झाली होती. गेट बंद व्हायच्या आत बाहेर पडायचं होतं.